फोल्डर हलवला आणि पत्ता मोडला: सायकल दुरुस्तीच्या एका साइटची फेरमांडणी

सायकल दुरुस्तीची माहिती देणारी एक साइट आम्ही सहा जण मिळून चालवतो. पंक्चर काढण्यापासून हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढण्यापर्यंत एकूण ३८६ लेख आहेत. पाच जण स्वतः मेकॅनिक; ते लिहितात, फोटो काढतात. फाइली, फोल्डर आणि बिल्ड, म्हणजे फाइलींपासून साइट तयार करणं, माझ्याकडे. साइटला डेटाबेस नाही. एक लेख म्हणजे मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या मजकुरात, लिहिलेली एक फाइल. ह्यूगो हा साइट बनवणारा प्रोग्रॅम या सगळ्या फाइली वाचतो, टेम्पलेटमध्ये, म्हणजे पानाच्या ठरलेल्या साच्यात, बसवतो, तयार एचटीएमएल पानं बाहेर काढतो आणि ती सर्व्हरवर जातात. मजकूर गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असतो, त्यामुळे कुणी काय कधी बदललं ते कळतं. इतक्या साध्या व्यवस्थेत बिघडण्यासारखं फारसं काही नाही, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

एका रविवारी संध्याकाळी ‘ब्रेक’ हा फोल्डर आवरायला घेतला. रिम ब्रेक, डिस्क ब्रेक, केबल, लिव्हर सगळं त्यात एकत्र पडलं होतं. आत तीन उपफोल्डर केले, ४१ लेख त्यांत वाटले, बिल्ड चालवला, साइट चढवली. मुखपृष्ठ नीट, मेन्यू नीट. काम झालं म्हणून लॅपटॉप मिटला.

तिसऱ्या दिवशी एका सामुदायिक वर्कशॉपमधून निरोप आला. ‘स्टँडवरचा कोड स्कॅन केला तर पान सापडत नाही म्हणतंय. चाक काढून ठेवलंय, हात ग्रीसने भरलेत. तुमचा तो लेख आता कुठे शोधू?’

त्यांनी आमच्या लेखांचे क्यूआर कोड छापून, लॅमिनेट करून, दुरुस्तीच्या स्टँडवर आणि अवजारांच्या पेट्यांवर चिकटवले होते. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. कळल्यावर आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला, कारण छापून चिकटवलेला कोड मला इथे बसून दुरुस्त करता येणार नव्हता. पुढचे दोन महिने जे काम केलं त्याची ही हकीकत.

(फाइलींची आणि फोल्डरांची नावं आता रोमन लिपीत आहेत. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत देतो आहे. रोमन का, ते पुढे येईलच.)

मोडलं ते नेमकं का

ह्यूगोमध्ये ‘कंटेंट’ नावाचा एक फोल्डर असतो आणि त्याच्या आत फाइल ज्या वाटेवर ठेवली असेल तीच वाट पानाचा पत्ता होते. ‘ब्रेक’मधली ‘पॅड-बदलणे’ ही फाइल ‘/ब्रेक/पॅड-बदलणे/’ या पत्त्यावर उघडते. ती ‘ब्रेक/डिस्क’मध्ये सरकवली की पत्ता ‘/ब्रेक/डिस्क/पॅड-बदलणे/’ होतो. जुन्या पत्त्यावर काहीच उरत नाही, आणि वाचकाला ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’, असं दिसतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. सेटिंगमध्ये किंवा फाइलच्या माथ्यावर वेगळा पत्ता लिहून फोल्डर आणि पत्ता यांची फारकत करता येते, हेही माहीत होतं. पण फोल्डर हलवताना डोक्यात घर आवरण्याचंच चित्र होतं. कपाटातली वस्तू वरच्या खणातून खालच्या खणात ठेवली तर बाहेरच्या कुणाचं काही बिघडत नाही. इथे बिघडतं, कारण त्या खणाचा नंबर बाहेर लोकांनी लिहून घेतलेला असतो.

निरोप आला त्या रात्रीच ४१ लेख जुन्या जागी परत ठेवले. वर्कशॉपला कळवलं, कोड चालू झाले. मग शांतपणे फोल्डरांचं सगळं झाड बघायला बसलो.

झाडाची अवस्था

सर्वांत वरच्या पातळीवर अठरा फोल्डर होते. काही भागांच्या नावाचे: चाक, ब्रेक, गिअर. काही कामाच्या नावाचे: देखभाल, दुरुस्ती. एक अवजारांचा. दोन लिहिणाऱ्यांच्या नावाने, कारण सुरुवातीला दोघांनी आपापले लेख आपापल्या फोल्डरात दिले होते. एक ‘मसुदे’, एक ‘नवीन’, एक ‘नवीन-२’ आणि एक ‘जुने-तपासायचे’. या शेवटच्यातले नऊ लेख साइटवर प्रसिद्ध होते आणि त्यांच्या पत्त्यात ‘जुने-तपासायचे’ हे शब्द वाचकाला दिसत होते. ब्रेकसारख्या जिवावरच्या विषयाचा लेख अशा पत्त्यावर वाचणाऱ्याला काय वाटत असेल, याचा विचार करून मला खरोखर वाईट वाटलं.

काही ठिकाणी फोल्डरांच्या नावाआधी आकडे होते: ‘०१-ओळख’, ‘०२-साफसफाई’. ग्रॅव्हसारख्या काही व्यवस्थांमध्ये असा आकडा लेखांचा क्रम ठरवतो आणि पत्त्यातून आपोआप गळतो. आमच्यातल्या एकाला ती सवय होती. ह्यूगो मात्र आकडा गाळत नाही, त्यामुळे तो पत्त्यात उतरला होता. मधे नवा लेख घालायचा तर पुढच्या सगळ्यांचे आकडे बदलायचे, म्हणजे सगळ्यांचे पत्ते बदलायचे.

फोटो एकाच फोल्डरात, सुमारे १९००. नावं बहुतेक कॅमेऱ्याने दिलेली. कुठला फोटो कुठल्या लेखाचा, हे लेख उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

चेनची झीज कुठे ठेवायची?

गोंधळाचं मूळ मला एका लेखातून कळलं. ‘चेनची झीज मोजणे’ हा आमच्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखांपैकी एक. चेनच्या एका कडीची लांबी अर्धा इंच असते, म्हणजे नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. पट्टी लावून मोजायचं, आणि एक सोळांश इंच वाढ दिसली की चेन बदलायची. नाही बदलली तर ती कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे, दातही खाऊन टाकते.

हा लेख कुठल्या फोल्डरात? चेनच्या? देखभालीच्या? मोजमापाच्या? कॅसेट वाचवण्यासाठीच मोजतो म्हणून कॅसेटच्या? गिटमधला इतिहास काढून पाहिला तर हा लेख चार वर्षांत तीनदा हलवला गेला होता, दर वेळी वेगळ्या माणसाने, आणि दर वेळी कारण पटण्यासारखं होतं. तिघांनीही विषय नीटच ओळखला होता. लेखच एका विषयात मावणारा नव्हता, आणि फाइल मात्र एका वेळी एकाच फोल्डरात राहू शकते.

आम्ही फोल्डरकडून तीन वेगवेगळी कामं करून घेत होतो: पानाला पत्ता देणं, विषय सांगणं, आणि काम कुठवर आलं ते दाखवणं. यातला विषय बदलतो, कामाची स्थिती तर दर आठवड्याला बदलते. पत्ता तेवढा बदलायचा नाही. बदलणाऱ्या दोन गोष्टी न बदलणाऱ्या तिसरीच्या गळ्यात बांधल्या होत्या.

हे काही मला नव्याने सुचलेलं नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं आहे की पत्त्यात लेखकाचं नाव, विषय, ‘जुने’ किंवा ‘मसुदा’ अशी स्थिती, फाइलचं एक्स्टेंशन यांपैकी काही घालू नये, कारण यातलं सगळं पुढे बदलतं. तारीख चालेल असं ते म्हणतात, कारण लिहिल्याची तारीख बदलत नाही. आमच्या झाडात त्यांनी नको म्हटलेलं जवळपास सगळं होतं.

नवी मांडणी

नव्या मांडणीसाठी मी एकच कसोटी लावली: दोन पानांची घडण वेगळी असेल तरच त्यांचे वरचे फोल्डर वेगळे. ह्यूगोत ‘कंटेंट’च्या लगेच आतला प्रत्येक फोल्डर हा एक सेक्शन असतो आणि कुठलं टेम्पलेट लावायचं हे तो मुळात त्यावरून ठरवतो. म्हणजे ही कसोटी त्याच्या स्वभावाला धरूनच होती.

तसे चार प्रकार निघाले. ‘कृती’: पायऱ्या-पायऱ्यांनी सांगितलेलं काम, वर अवजारांची यादी. ‘भाग’: एका सुट्या भागाची ओळख, मापांचा तक्ता. ‘शब्द’: परिभाषा, दोन-चार ओळींची पानं. ‘नोंदी’: तारखेने येणारं लिखाण. अठराचे चार झाले. ‘कृती’ची पायऱ्यांची मांडणी ‘शब्द’च्या पानाला कधीच लागणार नाही, त्यामुळे लेख एका फोल्डरातून दुसऱ्यात न्यावा लागेल अशी वेळ क्वचितच येईल.

‘कृती’, ‘भाग’ आणि ‘शब्द’ यांच्या आत कप्पे नाहीत. प्रत्येक लेखाला स्वतःचा एक फोल्डर, आणि सगळे एकाखाली एक. ‘नोंदी’त फक्त वर्षाचे फोल्डर.

यावर आमच्यातल्या सर्वांत जुन्या लेखिकेने हरकत घेतली. ‘दोनशेच्या वर फोल्डर एका रांगेत दिसणार. मला माझा लेख सापडायचा कसा? आता निदान ब्रेकच्या फोल्डरात गेले की ब्रेकचं सगळं समोर असतं.’ हरकत रास्त होती. दिवसभर फाइलींत मीच असतो. त्या महिन्यातून दोनदा येतात, त्यांना झाड बघूनच वाट सापडते.

मार्ग निघाला तो नावांतून. प्रत्येक नावाची सुरुवात भागाने करायची: ‘चेन-झीज-मोजणे’, ‘चेन-तोडणे-जोडणे’, ‘चेन-साफ-करणे’. अक्षरानुक्रमाने लावलं की चेनचे सगळे लेख आपोआप शेजारी येतात, ब्रेकचे ब्रेकजवळ. नावात विषय आला, हे खरं आहे. पण उद्या चेनचा लेख कॅसेटच्या यादीतही दाखवावासा वाटला तरी नावाला हात लावावा लागत नाही. नाव हाक मारायला आहे, जात सांगायला नाही. त्यांना हे पटलं, आणि दोन महिन्यांनंतर त्या स्वतःच नव्या मंडळींना नावं कशी ठेवायची ते शिकवू लागल्या.

विषय गेला फाइलच्या माथ्यावर

फोल्डरातून काढलेली सगळी माहिती फ्रंट मॅटरमध्ये गेली. फ्रंट मॅटर म्हणजे मार्कडाउन फाइलच्या अगदी वर, तीन-तीन आडव्या रेघांच्या मधे लिहिलेली लेखाची माहिती. २००८ मध्ये आलेल्या जेकिल या ह्यूगोसारख्याच प्रोग्रॅममुळे ही पद्धत रुळली आणि आता फाइलींवर चालणाऱ्या बहुतेक व्यवस्था ती समजतात. झीज मोजण्याच्या लेखाचा माथा साधारण असा दिसतो:

शीर्षक: चेनची झीज मोजणे
भाग: चेन, कॅसेट
अवजारे: पट्टी
पातळी: नवशिके
क्रम: ३०
मसुदा: नाही

आता हाच लेख चेनच्या यादीत दिसतो, कॅसेटच्या दिसतो, पट्टी वापरून करायच्या कामांतही दिसतो. फाइल एकाच जागी आहे. क्रमाचे आकडे १०, २०, ३० असे दहा-दहाने ठेवले, म्हणजे मधे नवा लेख घालायला जागा राहते. ‘मसुदे’ फोल्डर बंद केला. लेख पहिल्या दिवसापासून आपल्या कायमच्या जागी लिहायचा आणि मसुदा असल्याची खूण माथ्यावर ठेवायची. खूण असेपर्यंत ह्यूगो तो बाहेर काढत नाही.

इथे दोन अडचणी आल्या. पहिली सोपी: शीर्षकात विसर्गासारखा दिसणारा कोलन आला, जसं ‘ब्रेक: आवाज का येतो’, आणि तो अवतरणात नसेल तर वायएएमएल, म्हणजे माथ्यावरची माहिती लिहायची ठरलेली पद्धत, गोंधळतो आणि बिल्ड थांबतो. मला हे चालतं. जी चूक ओरडून सांगते ती पाच मिनिटांत सुटते.

दुसरी चूक ओरडत नव्हती. टॅगमध्ये, म्हणजे माथ्यावरच्या विषयांच्या शब्दांत, कुणी ‘गिअर’ लिहिलं, कुणी ‘गियर’, कुणी ‘गीअर’. ह्यूगोच्या दृष्टीने हे तीन वेगळे विषय, त्यामुळे तीन वेगळ्या याद्या तयार झाल्या, आणि ‘गीअर’च्या यादीवर आलेल्या वाचकाला वाटायचं, यांच्याकडे गिअरवर दोनच लेख दिसतात. लिहिणाऱ्यांना शुद्धलेखनाबद्दल बोलून काही उपयोग नव्हता. तिन्ही रूपं छापील मजकुरात सर्रास दिसतात. म्हणून चालणाऱ्या शब्दांची एक यादी डेटा फाइलमध्ये ठेवली आणि टेम्पलेटमध्ये तपासणी घातली. यादीबाहेरचा शब्द आला की बिल्ड थांबतो आणि कुठल्या लेखात कुठला शब्द आहे ते सांगतो. नवा शब्द हवा असेल तर आधी यादीत घालायचा. फेरमांडणीतल्या सगळ्या बदलांत वाचकाला सर्वांत जास्त उपयोग याचा झाला असं माझं मत आहे.

फोटो लेखाच्या घरात

२०१७ च्या अगदी शेवटी आलेल्या ०.३२ या आवृत्तीपासून ह्यूगोत पेज बंडल आहे: लेखाचा फोल्डर, त्यात ‘इंडेक्स’ नावाची मार्कडाउन फाइल आणि शेजारीच त्या लेखाचे फोटो. लेखात फोटोचं नुसतं नाव लिहिलं की भागतं. लेख काढून टाकला की त्याचे फोटोही त्याच्याबरोबर जातात.

१९०० फोटो घरोघरी पोचवायला एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक फोटोचं नाव सगळ्या लेखांत शोधायचं, एकाच लेखात सापडलं तर तिथे हलवायचं. चारशेहून जास्त फोटो कुठल्याच लेखात नव्हते. साठेक दोन किंवा जास्त लेखांत होते. त्यातल्या आकृत्या एका सामाईक फोल्डरात ठेवल्या, फोटोंच्या सरळ प्रती केल्या. प्रत करणं हा अपव्यय आहे असं एकाने म्हटलं. पण एक लेख बदलताना दुसऱ्यातला फोटो नकळत बदलण्यापेक्षा दोन-चारशे केबी जास्त गेलेले मला परवडतात. मोठ्या मूळ फोटोंबाबत मात्र कडक राहावं लागतं. गिट प्रत्येक फाइलची प्रत्येक आवृत्ती इतिहासात ठेवतो आणि नंतर पुसलेला फोटोही भांडारातून जात नाही, म्हणून रुंदी कमी केल्याशिवाय फोटो कमिट करायचा, म्हणजे गिटमध्ये नोंदवायचा, नाही, हा नियम.

फोटोंचीच एक जुनी तक्रार या निमित्ताने सुटली. काही फोटो लिहिणाऱ्याला त्याच्या एडिटरमध्ये दिसायचे आणि साइटवर गायब असायचे. कॅमेरा एक्स्टेंशन मोठ्या रोमन अक्षरांत देतो, लेखात ते छोट्या अक्षरांत टाइप केलेलं असतं. मॅक आणि विंडोज मुळात असा फरक मानत नाहीत, लिनक्सचा सर्व्हर मानतो. आता सगळी नावं छोट्या अक्षरांत.

देवनागरी नावांचा मोह

हे लिहिताना मला जड जातं, कारण ब्राउझरच्या पट्टीत देवनागरी पत्ता दिसला की छान वाटतं. आमच्या सत्तरेक फाइलींची नावं देवनागरीत होती. ती बदलली.

कारण एका लेखात सापडलं: ‘आऱ्यांचा-ताण’. चाकाच्या आऱ्या किती ताणायच्या हे सांगणारा लेख. दुसऱ्या एका लेखातून त्याची लिंक दिली होती आणि ती उघडत नव्हती. नाव अक्षर न् अक्षर तेच दिसत होतं. अर्धा तास गेल्यावर बाइट तपासले. ‘ऱ्या’मधला तो आडवा, पापणीसारखा र युनिकोडमध्ये एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो: स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, त्याला नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. दोन माणसांचे दोन कीबोर्ड, म्हणून एकाच शब्दाच्या दोन बाइट-रांगा. वाचणाऱ्या माणसाला एक, सर्व्हरला दोन.

दुसरं कारण त्या चिकटवलेल्या कोडांशी जोडलेलं आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांनी लिहिला जातो. ‘ब्रेक’ या शब्दात ब, हलन्त, र, मात्रा आणि क अशी पाच चिन्हं आहेत. पत्त्यात त्याची ४५ अक्षरं होतात. पत्ता जितका लांब तितका क्यूआर कोड दाट, आणि पेटीवरचा लहानसा, तेलाचे डाग पडलेला दाट कोड फोनला वाचणं तितकं अवघड. म्हणून पत्त्यात छोटी रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच. शीर्षक, मजकूर, याद्या, सगळं देवनागरीतच आहे.

प्रत्यक्ष हलवाहलव

एकही फाइल हलवण्याआधी चालू साइटचा साइटमॅप उतरवून ठेवला. ह्यूगो तो आपणहून बनवतो आणि त्यात साइटवरच्या पानांचे पत्ते असतात. ही आमची हजेरीची वही. शेजारच्या रकान्यात प्रत्येक जुन्या पत्त्याचा नवा पत्ता भरला. हे काम हाताने केलं, आठ दिवस लागले, आणि त्यातच जवळजवळ एकसारखे असलेले सात जोडलेख सापडले.

मग गिटमध्ये स्वतंत्र ब्रँच, म्हणजे मूळ मजकुराला धक्का न लावता काम करायची वेगळी शाखा. हलवणं आणि मजकूर दुरुस्त करणं एका कमिटमध्ये कधीही करायचं नाही, हे सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं. गिट ‘या फाइलचं नाव बदललं’ अशी नोंद ठेवतच नाही. जुन्या आणि नव्या फाइलचा मजकूर ताडून तो अंदाज बांधतो आणि मुळात ५० टक्के साम्य धरतो. हलवतानाच अर्ध्याहून जास्त लेख बदलला तर गिटला ती नवीच फाइल वाटते आणि लेखाचा मागचा इतिहास तुटतो. आधी नुसतं हलवायचं, कमिट करायचं, मग हवी ती दुरुस्ती.

लेखांतल्या आपापसातल्या लिंकही या वेळी बदलल्या. पत्ता थेट लिहिण्याऐवजी ह्यूगोचा ‘रेफ’ शॉर्टकोड, म्हणजे लेखात लिहायची एक छोटी आज्ञा, वापरला. त्यात ज्या लेखाकडे बोट दाखवलं तो सापडला नाही तर बिल्ड थांबतो. पहिल्याच फेरीत ३२ लिंक मेलेल्या निघाल्या. त्यातल्या काही कधी मेल्या होत्या ते देवाला ठाऊक.

सर्वांत मोठा धक्का शेवटच्या आठवड्यात बसला. ‘नोंदी’मधल्या नोंदी लहान आणि बिनफोटोच्या, म्हणून त्यांना वेगळे फोल्डर न देता वर्षाच्या फोल्डरात सुट्या फाइली ठेवल्या होत्या. वर्षाचा फोल्डर आतल्या पातळीवर असल्याने ह्यूगो त्याला आपोआप सेक्शन मानत नाही, आणि त्या वर्षाच्या यादीचं पान तयार होत नाही. ते हवं असेल तर फोल्डरात ‘इंडेक्स’ नावाची फाइल ठेवायची, नावाआधी एक अंडरस्कोर लावून. आमच्या एका सहकाऱ्याने ती फाइल ठेवली. अंडरस्कोर राहिला.

अंडरस्कोर नसलेली ‘इंडेक्स’ म्हणजे ह्यूगोच्या लेखी ‘हा फोल्डर हाच एक लेख, आणि आत बाकी जे काही आहे ते त्या लेखाचं सामान’. त्या वर्षाच्या २३ नोंदी एका पानाचं सामान झाल्या आणि साइटवरून नाहीशा झाल्या. चूक दाखवणारी एक ओळही आली नाही. बिल्ड सुरळीत पार पडला. बिल्ड संपल्यावर ह्यूगो किती पानं बनली याचा आकडा दाखवतो. तो आदल्या दिवशीपेक्षा कमी होता, म्हणून थांबलो. तो आकडा त्या दिवशी माझ्या नजरेतून निसटला असता तर २३ पानं गेलेली कुणाच्याच लक्षात आलं नसतं, कारण जुन्या नोंदी रोज कुणी उघडत नाही.

सहकाऱ्याला फार अपराधी वाटत होतं. पण एका खुणेवर २३ लेख टांगलेले असताना माणसाने ती खूण कधीच विसरू नये असं धरून चालणं, ही चूक व्यवस्था लावणाऱ्याची, म्हणजे माझी. त्याच संध्याकाळी हजेरीच्या वहीचा पक्का उपयोग केला. आता साइट चढण्याआधी नव्या बिल्डचा साइटमॅप जुन्याशी ताडला जातो. जुना पत्ता नव्या यादीत नसेल आणि त्याचा पुढचा पत्ताही कुठे नोंदवलेला नसेल, तर साइट चढतच नाही.

पुढचा पत्ता नोंदवण्याचे दोन मार्ग होते. लेखाच्या माथ्यावर ‘एलियास’ लिहिलं तर ह्यूगो जुन्या पत्त्यावर एक छोटं पान ठेवतो आणि ते पान ब्राउझरला पुढे पाठवतं. सर्व्हर हातात नसेल तर हे उत्तम. आमच्या हातात सर्व्हर होता, म्हणून ३०१ लावले: ‘हे पान कायमचं इकडे गेलं’ असं सर्व्हरच सांगतो आणि शोधयंत्रंही नवा पत्ता धरतात. ३८६ लेखांपैकी ३२९ चे पत्ते बदलले. साइट चढवल्यानंतर सगळेच्या सगळे जुने पत्ते एका स्क्रिप्टने उघडून पाहिले. चार चुकले होते, चारही माझ्या टायपिंगमुळे. तासाभरात दुरुस्त झाले.

वर्कशॉपला फोन करून विनंती केली: प्रत्येक पेटीवरचा कोड एकदा स्कॅन करून बघाल का? त्यांनी सतरा कोड तपासले. सगळे उघडले. त्यांतला एक त्या जुन्या ‘जुने-तपासायचे’ फोल्डरातल्या लेखाचा होता.

अलीकडे समोर आलेला पेच

मागच्या महिन्यात ‘डिस्क ब्रेकचे पॅड बदलणे’ हा लेख दोन करायचं ठरलं. केबलने चालणारे ब्रेक आणि हायड्रॉलिक ब्रेक यांच्या पायऱ्या बऱ्याच वेगळ्या आहेत आणि एका लेखात दोन्ही सांगताना वाचकाचा घोटाळा होत होता. लेख दोन झाले, पण जुना पत्ता एकच, आणि तो निदान तीन पेट्यांवर चिकटवलेला आहे. तो यापुढे कुणाचा? एकाला दिला तर दुसऱ्या प्रकारचा ब्रेक हातात असलेला माणूस चुकीच्या पायऱ्या करू लागेल.

बराच खल झाला. शेवटी जुना पत्ता कुणालाच दिला नाही. तिथे आता एक छोटं पान आहे. वर दोन फोटो: एकात लिव्हरपासून निघालेली केबलची तार, दुसऱ्यात तेलाची नळी. खाली एकच प्रश्न: तुमच्या ब्रेकला यातलं काय आहे? फोटोवर बोट ठेवलं की योग्य तो लेख उघडतो. हे फोटो आमच्या लेखिकेने मुद्दाम मोठे ठेवायला लावले. त्या म्हणाल्या, ‘हात ग्रीसचे असले तर माणूस बोटाच्या पेराने दाबतो, त्याला एवढी जागा लागते.’